माईच्या देव्हाऱ्यातली पूड

यशवंतराव मोहिते यांना किळस फार लवकर येते. हॉटेलातल्या पेल्याची कड, बसमधली चिकट दांडी, पंगतीत वाढणाऱ्याचा आमटीत बुडालेला अंगठा. मध्य प्रदेशात, धारच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे भाऊ म्हणतात, आणि माघारी नाकमुरडे. लग्न केलं नाही. जेवतात ते एकीच्याच हातचं. थोरली बहीण माई गल्लीच्या टोकाला राहते. वर्षानुवर्षं दोन्ही वेळचं जेवण तिथलंच.

अशा माणसाला नोकरी मिळाली ती खोकी तपासायची. शहराबाहेरच्या एका डेपोत परदेशी यंत्रं येतात, लाकडी खोक्यांत ठोकलेली. भिंतीवर हिंदीत सूचना लावली आहे. लाकूड तापवून किंवा धुरी देऊन कीडमुक्त केल्याचा शिक्का खोक्यावर हवा. नसेल तर लाकूड झाकून वेगळं ठेवा, जाळा किंवा परत पाठवा, पण बाहेर नेऊ नका. बिनशिक्क्याच्या फळ्या भाऊ ताडपत्रीखाली झाकतात. त्या फळ्यांतल्या अळ्या त्यांनी पाहिल्या आहेत. मऊ, पिवळट, आत काहीतरी हलत असल्यासारख्या. ज्या दिवशी अळी दिसते, त्या दिवशी माईने दिलेला दुपारचा डबा तसाच परत येतो.

अळ्यांचं एक वेळ चालेल, माणसांचं काय करायचं? ताडपत्रीखालच्या फळ्या सुपरवायझर मागच्या फाटकाने सुतारांना देतो. भाऊंनी हटकलं तेव्हा तो म्हणाला, "भिया, लकड़ी है, कोई बम थोड़ी है." आणि पानाची पिचकारी टाकली ती त्या ताडपत्रीवरच.

यंदा चंपाषष्ठीआधी माईच्या मुलाने, तरुणने, घरच्या देवांसाठी नवा देव्हारा करून घेतला. पांढरं, हलकं लाकूड. सुताराने स्वस्तात दिलं. त्यात खंडोबाचे चांदीचे टाक बसले. भाऊंनी तो पाहिलाच नव्हता. डेपोतल्या कपड्यांनी देवघराकडे जायचं नाही, हा त्यांचाच नियम. सवयीने सुट्टीच्या दिवशीही ते मागच्या दाराने मोरीवर यायचे, हातपाय धुऊन स्वयंपाकघरात पानावर बसायचे.

काही दिवसांत टाकांवर सकाळी पिवळसर पूड दिसू लागली. माईने पुसली, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पिठाहून बारीक, हळदीहून फिकी. माईने भंडारा उधळला नव्हता. मग कोणी उधळला? मोहित्यांची लेक, खंडोबा कुलदैवत असलेल्या घरची सून. तिला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. तिने हात जोडले. शेजारच्या सुभद्राकाकू आल्या, त्यांनी कपाळाला लावली. मग गल्ली आली. पुड्या गावोगावी, नालछ्याला, लोहारद्याला गेल्या.

रविवारी भाऊ जेवायला आले तर मागच्या दारापर्यंत चपला. सुभद्राकाकू तळहातावरची पूड जिभेने टिपत होत्या.

"काय खाताय?" भाऊंनी विचारलं.

"भंडारा. देवाने स्वतः दिलेला. घ्या की तुम्हीपण, तोंड वाकडं न करता."

त्या दिवशी भाऊ पहिल्यांदा देव्हाऱ्यापुढे गेले. वाकून पाहिलं. फळीला टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती, आणि प्रत्येकाखाली पुडीचा छोटासा ढीग. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसलं.

"माई, हा भुसा आहे. किड्याने लाकूड खाऊन बाहेर टाकलेला. ही आमच्याकडच्या खोक्याची फळी आहे."

"यशवंता, तुला सगळीकडे घाणच दिसते. आता देवातही?"

"मामा, आस्था का मामला है," तरुण हळूच म्हणाला. "रहने दो ना."

"रहने दिलं तर उद्या तुझ्या आढ्यात जातील. मग सगळ्या गल्लीच्या."

भाऊंनी माईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि देव्हाऱ्याच्या मागची फळी उचकटली. फळी पापडासारखी मोडली. आतून भुशाचा लोंढा आला, आणि त्यात वळवळत दोन-तीन अळ्या थेट टाकांवर पडल्या. सुभद्राकाकूंनी पदराने जीभ पुसायला सुरुवात केली. पुसतच राहिल्या.

माई मात्र भावाकडे पाहत होती.

"यशवंता," ती म्हणाली, "तुझं पोट बिघडलेलं असतं ना सारखं. म्हणून रोज तुझ्या वरणात चिमूटभर घालत होते. देवाचं आहे, गुण येईल म्हणून."

भाऊ मोरीपर्यंत पोचले नाहीत.

बऱ्याच वेळाने ते आत आले तेव्हा माईने टाक धुऊन स्टीलच्या डब्यात ठेवले होते. "ने तो देव्हारा," ती म्हणाली. "पण माझ्यादेखत जाळू नको." भाऊंनी देव्हारा परसात नेला, रॉकेल ओतलं आणि शेवटचा तुकडा राख होईपर्यंत जागचे हलले नाहीत. गल्लीत अजून म्हणतात, मोहित्याने खंडोबाचं घर जाळलं. पुडी तोंडात टाकल्याचं मात्र आता कोणालाच आठवत नाही. डेपोत भाऊंनी तक्रार दिली. सुपरवायझरने ती वाचून हसत दुसऱ्याला वाचायला दिली. मागचं फाटक उघडंच आहे.

देव्हारा जाळला त्याच संध्याकाळी माईने पान वाढलं. भाऊ बसले, वरणभात कालवला, घास उचलला, खाली ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी माईने पान वाढलंच नाही. धुतलेलं पातेलं, निवडलेली डाळ, अख्खी वांगी ओट्यावर काढून ठेवली आणि स्वतः दाराशी जाऊन बसली.

तेव्हापासून भाऊ तिच्याच स्वयंपाकघरात रांधतात. मीठ कमी पडतं, भाकरी फाटते. आधी माईला वाढतात. ती ताट उजेडाकडे ओढते, भाजी बोटाने पसरून नीट पाहते, आणि मगच पहिला घास घेते.