तापी उलटी वाहते तेव्हा

आज तापीच्या पुलावर स्कूटर थांबवली, ओहोटीच्या चिखलाचा वास आला आणि आठवीतला भूगोलाचा तास आठवला.

परीक्षेत मी लिहिलं होतं, ‘तापी पूर्वेकडे वाहते.’ बेननी ते मोठ्यानं वाचलं. सुरतेत आम्ही मराठी शाळेतही बाईंना बेनच म्हणायचो. वर्ग फिदीफिदी हसला.

“कोणी सांगितलं तुला?”

“पप्पांनी,” मी पुटपुटले. कापडाच्या लूमवर काम करणारे पप्पा रविवारी मला नदीवर न्यायचे. जलपर्णीचे पुंजके उलटे निघालेले दिसले की म्हणायचे, “देख वं, तापी आपला गावले चालनी!” आमचं गाव जळगावकडचं, म्हणजे सुरतेच्या पूर्वेला. आता सगळ्यांदेखत पप्पा खोटे ठरणार होते.

बेननी हात वर करून वर्गाला गप्प केलं. “हिच्या पप्पांनी बरोबर पाहिलंय. भरतीचं पाणी आत शिरलं की इथे नदी खरंच मागे वाहते. पण गुण नाही हं देणार. शेवटी ती पश्चिमेलाच जाते.”

गुण गेला, पण माझा जीव भांड्यात पडला.

पप्पांना भरती ठाऊक होती का, हे मी कधी विचारलं नाही. आता मीच भूगोल शिकवते. भरती-ओहोटीचा धडा आला, की आधी गावाकडे निघालेल्या जलपर्णीचं सांगते, चंद्राचं नंतर.