लाखेच्या कडेचा अंगठा

गावची जत्रा तोंडावर असताना माझा बैल मेला. मेला म्हणजे मारला. महाळुंगे पडवळपासून शिनोलीपर्यंत बैलगाडा शर्यतीच्या कुठल्याही घाटात, म्हणजे धावपट्टीवर, त्याच्यासारखा कुणाचा बैल पळाला नव्हता, हे माझ्या वाईटावरची माणसंही सांगतील. सकाळी गोठ्यात गेलो तर तोंडाला फेस, पाय ताणलेले, डोळे उघडे. डॉक्टरानं नुसता ओठ उचलून बघितला आणि म्हणाला, विष घातलंय.

गव्हाणीच्या फटीत पुडीचा कागद अडकला होता. आत गुळाचा चिकटा आणि पांढरी भुकटी. वजनकाट्यावर मिळते त्या पावतीचा तो गुळगुळीत कागद. त्याला शाई लागत नाही, मशीनच्या गरमीनं अक्षर उठतं, आणि उन्हात राहिला की सगळाच काळा पडतो. बाजारात माल नेणाऱ्या कुणाच्याही खिशात तेव्हा असला कागद सापडायचा. मी तो चिमट्यानं उचलला. बोट लावलं नाही. टीव्हीवर बघितलं होतं.

धाकटा भाऊ मागंच उभा होता. आमचं घर एक, चूल एक. आदल्या वर्षी ह्याच बैलानं त्याच्या बायकोला भिंतीशी दाबलं होतं. तिचं कंबरडं गेलं, तेव्हापासून ती भिंत धरून चालायची. भाऊ तेव्हा म्हणाला होता, "दादा, इकून टाक ह्याला." मी म्हणालो होतो, "बाईनं त्याच्या म्होरं जायचं नव्हतं." त्यात माझं काय चुकलं ते मला आजही दिसत नाही. त्या बैलावर माणसं आमचं घर ओळखत होती.

कागद बघून भाऊ म्हणाला, "जाऊ दे दादा. बैल काय आता परत येतोय व्हय?"

मी ठाण्यात गेलो. शिनोलीचा एक गाडामालक माझ्याकडून दरसाल हरायचा, त्याच्यावर संशय लिहून दिला. हवालदार हसला. "बाबा, मेलेल्या माणसांचं ठसं काढायला आमाला येळ न्हाई, आन् तुमी बैलाचं घिऊन आला."

"मग मी हितंच बसतो," म्हणालो, आणि बसलो. शेवटी कंटाळून त्यानं पंच बोलावले, शिनोलीकराला बोलावलं. तो हात पुढं करूनच आत आला. "घ्या पावणं, धाही बोटं घ्या. पायाची बी घ्या. मी घाटात हरतो, पर कुणाच्या गोठ्यात शिरत न्हाई."

हवालदारानं कागद पाकिटात घातला. पाकिटाला लाखेचं सील करायचं होतं. माझा भाऊ सोबत आलेला, त्याच्या हातात मेणबत्ती दिली. भावानं ज्योत धरली, हवालदारानं लाख वितळवून पाकिटावर ओतली आणि पितळी शिक्का दाबला. मग त्याला आठवलं, आतल्या कागदावर पंचांच्या सह्याच राहिल्या! शिव्या देत त्यानं पाकीट कडेनं फाडलं.

कागद बाहेर आला तो काळा डाग घेऊनच. वर लाख पडली होती तिथं आत कागद करपल्यासारखा झाला होता. आणि त्या काळ्याच्या कडेला, जिथं गरमी जेमतेम पोचली होती, तिथं बारीक रेघा उठल्या होत्या. गोल गोल, एकीत एक.

"आयला," एक पंच म्हणाला, "आंगठा हाय ह्यो!"

सगळे वाकले. मीही वाकलो. त्या रेघांतून एक तिरकी पांढरी चीर गेली होती. भावाच्या उजव्या अंगठ्यावर लहानपणी विळा लागला होता, तो असाच तिरका. विळा माझ्या हातात होता.

मी वर बघितलं. मेणबत्ती अजून त्याच्या हातात होती आणि मेण त्याच्या बोटांवर गळत होतं. तो हलला नाही.

"साहेब," मी म्हणालो, "पुण्याला पाठवा. तिथं नीट काढतील."

एक शब्द बोललो असतो तर तिथंच निकाल लागला असता. पण मला तो शब्द भावाच्या तोंडून हवा होता. माझ्या घरात, माझ्यासमोर बसून त्यानं सांगायला हवं होतं.

मग तो रोज विचारू लागला, "दादा, आलं का पुण्याहून काय?" मी म्हणायचो, "येईल." त्याची बायको भिंत धरत येऊन माझ्यापुढं ताट ठेवायची आणि तिथंच उभी राहायची. "भाऊजी, मनात काय आसंल ते एकदा बोला." मी म्हणायचो, "भाजीत मीठ कमी हाय."

एकदा विहिरीवर गेलो तर तो धुण्याच्या दगडावर अंगठा घासत बसलेला. मला बघून म्हणाला, "चीक लागलाय, निघंना." मी म्हणालो, "घास. जोरात घास."

पुढं घोडेगावच्या बाजारात हवालदार भेटला. नेताना पाकीट जीपच्या पुढच्या काचेपाशी उन्हात राहिलं होतं. पुण्यात उघडलं तेव्हा कागद तव्यासारखा काळा. तिथला माणूस म्हणाला म्हणे, असला कागद थंड ठेवायचा असतो. आम्ही बेतानं ऊब देऊन अख्खा ठसा वर आणला असता, आता काही उरलं नाही. केस बंद.

घरी आलो. भावानं विचारलं, "आलं का?"

"तपासत्यात अजून," म्हणालो.

असे दोन पावसाळे गेले. तो वाळला. बैलाचं नाव निघालं की उठून जायचा, पण तोंड उघडलं नाही. मीही नाही. शेवटी त्यानं वाटणी मागितली.

कचेरीत त्याला अंगठा द्यायचा होता, सही त्याला येत नव्हती. कारकुनानं शाई लावून दाबला, नुसता डाग पडला. पुसून पुन्हा दाबला, पुन्हा डाग. रेघ म्हणून नव्हती. फक्त ती तिरकी चीर तेवढी राहिली होती.

कारकून वैतागला. "ह्याचा अंगठा ओळखणारं कोण हाय का?"

"मी वळखतो," म्हणालो. "लाखेच्या दिवसापास्नं वळखतो."

बाहेर नळावर शाई धुताना भावानं विचारलं, "मग तवाच का न्हाई बोलला?"

"तू कवा बोलतोस ते बघत व्हतो."

"आन् त्यो कागद?"

"काळा झाला. केस कवाच बंद झाली."

त्यानं नळ बंद केला नाही. अंगठा पाण्याखाली तसाच धरून उभा राहिला. मागं बायकांची रांग लागली होती, एकीनं हंडा वाजवला. मी शिनोलीकडची एसटी धरली; त्या गाडामालकाचं नाव उगाच लिहून दिलं होतं, त्याला तसं सांगायचं होतं.