बी आणि घरचा

"वास मारतोय, ताई. लय घाण." असं म्हणून भाऊ खरोखर खिशातला रुमाल काढून नाकाला लावायचे. समोर काय, तर कॉम्प्युटरचा पडदा आणि त्यावर जांभळ्या-गुलाबी गोळ्यांचं चकचकीत चित्र. काचेला कसला वास येणार? मी हसायची. दोन महिन्यांत मलाही तो यायला लागला.

आमचं ऑफिस गंगापूर रोडला, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. वय पन्नाशीकडे झुकलेलं, गाव चांदवडजवळ, घरी कांदा. ते नेमकं करतात काय, असं तुम्हीही माझ्या आईसारखं विचाराल. तर जगात असे कलाकार आहेत जे चित्र काढत नाहीत, चित्र काढणारा प्रोग्रॅम लिहितात. बटण दाबलं की दर वेळी वेगळं चित्र. ते ब्लॉकचेनवर चढतं, म्हणजे अशा वहीत, जिच्यात लिहिलेलं पुन्हा कुणालाच खोडता येत नाही. तिथे चित्रांचे ढीग पडलेले असतात. त्या ढिगातून भाऊ महिन्याला दहा निवडायचे आणि ती यादी त्यांच्या नावानिशी त्याच वहीत चढायची. कुठल्या कुठल्या देशांतले लोक त्या दहांची वाट बघायचे. मी प्रत्येकाखाली चार ओळी लिहायची.

आमचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, या कामाला क्युरेशन म्हणायचे. भाऊ म्हणायचे, "निवड. आमची आई कांद्याच्या चाळीपुढं बसून करती तीच."

आणि शब्दही तेच, कांद्याचे. दुसऱ्याच्या चित्राला आपलं चिकटवलेलं असलं की "जोड". जीव नसलेलं, बारकं काही असलं की "गोल्टी". बाकीचं सगळं सडकं. एकदा सकाळपासून तीनशे चित्रं बघून झाल्यावर ते खुर्ची मागे सारून म्हणाले, "माणसानं मशिनीला ओकायला शिकवलं, अन् आपण इथं ताट घेऊन बसलोय." मी त्यानंतर डबा उघडला नाही.

पण कधीतरी एखादं चित्र यायचं. मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावायचे आणि समोरच्या चहावर साय धरायची. असंच एक होतं. नुसत्या करड्या आडव्या रेघा, त्यातली एक किंचित ढळलेली. "बघा ताई, हिला कुणी चुकवली नाय. ही आपली आपण चुकली." त्यांचा आवाज इतका हळू झाला होता की मला उगीचच भरून आलं.

"एवढं काय मनाला लावून घेता?" मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "चाळीत एक सडका ऱ्हायला तर अख्खी चाळ जाती. माझ्याकडं नावाशिवाय काय हाय?"

करड्या रेघा आल्या त्याच महिन्यात त्यांची आई पडली, हात मोडला. भाऊ गावी गेले. एरवी ते शेजारी बसून सांगायचे आणि मी लिहायची. या वेळी यादी मोबाइलवर आली. नऊ चित्रांपुढे "घ्या". करड्या रेघांपुढे "बी". आणि अकराव्यापुढे "घरचा".

अकरावं सरांचं होतं. सोनेरी बुडबुडे, बुडबुड्यात बुडबुडे, वर तेलकट चमक. त्यांनी ते स्वतः विकत घेतलं होतं आणि महिनाभर भाऊंच्या मागे लागले होते, "याचं काहीतरी बघा." सर माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि खूश होऊन म्हणाले, "वाचलंस? घरचा म्हणतोय! शेवटी आपला माणूस."

बी म्हणजे बी ग्रेड, असं मी धरलं. घरचा म्हणजे आपला, खास. जागा दहाच. रेघा गेल्या, बुडबुडे आले. त्याखाली मी लिहिलं, "आतून उमलत जाणारा प्रकाश." हे वाक्य आज आठवलं तरी तोंडात आंबट येतं.

दुपारी यादी चढली. भाऊ सोमवारी आले, बसायच्या आधी त्यांनी ती उघडली आणि उभ्यानेच शेवटपर्यंत वाचली. ओरडले नाहीत. मला म्हणाले, "ताई, बी म्हणजे बियाणं. सगळ्यात चांगला कांदा आपण बियाण्याला ठेवतो."

"आणि घरचा?"

"बाजारात न्यायची लाज वाटती, तो घरी खायला ठेवतो."

सर केबिनमधून बाहेर आले होते. भाऊ त्यांना इतकंच म्हणाले, "तेवढं माझं नाव पुसा."

सर हसले. अगदी मायेने हसले, त्याचीच मला सगळ्यात जास्त शिसारी आली. "भाऊ, पुसता येत नाही. तीच तर याची गंमत आहे. जगाला आपण तेच सांगतो ना?"

भाऊंनी खिशातून रुमाल काढला, आणि नाकाला न लावता डोळ्यांना लावला. मग माझ्याकडे बघून त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "तुम्हाला वास नाय आला, ताई?"

"नाही," मी म्हणाले.

ते त्या दिवशी जिना उतरले ते पुन्हा आले नाहीत. आता निवड सर स्वतः करतात, फार वेळ लागत नाही. रेघांचं ते चित्र ढिगात कुठे गेलं, मला नंतर सापडलं नाही. बुडबुडे मात्र आहेत. खाली भाऊंचं नाव, आणि नावाच्या वर माझ्या चार ओळी. तुम्ही उघडून बघाल तर तुम्हालाही दिसतील, तुमच्या नातवंडांनाही.

बी मला खरंच कळलं नव्हतं, ती चूक मी कबूल करते. पण त्या दुपारी फोन माझ्या हाताशी होता. भाऊंच्या आईचा हात मोडलाय, कशाला त्रास, असं मी मनाला सांगितलं. मला नोकरीत कायम करायचं पत्र त्याच आठवड्यात सरांच्या टेबलावर सहीसाठी पडलं होतं.

वास आला होता, भाऊ.