ओढ्याकडून बघितलेलं घर

आधी आपापला चहा घ्या. कारण हे ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेनं बघाल ती माझ्या चांगल्या ओळखीची आहे, आणि ती चुकवायला मलाही हातात कप लागतो.

माझा जन्म टेक्ससमधल्या, डॅलसला लागून असलेल्या अर्विंगचा. शाळेसाठी मला साताऱ्याला मावशीकडे धाडलं आणि तिथून पुढे मी स्वतःच्या हट्टानं जर्मनीला गेले. कशाला? गाड्यांची इंजिनं शिकायला? छे. खेड्यांचा भूगोल शिकायला. विंटराख नावाच्या एका चिमुकल्या गावाच्या अभ्यासात मी दोन वर्षं घालवली. एक ओढा, एक चर्च, एक बेकरी आणि माणसांपेक्षा जास्त गाई. तिथली शेती भावाभावांत वाटून वाटून एवढीशी झाली, की नांगर वळवायला शेजाऱ्याच्या रानात जावं लागे. शेवटी काही कुटुंबं कंटाळून उठली, जहाजात बसली आणि टेक्ससला आली. इथे त्यांनी नवं गाव वसवलं. नाव ठेवलं न्यू विंटराख.

म्हणजे बघा, ज्या गावासाठी मी जर्मनीला गेले त्याचं धाकटं भावंड आमच्या घरापासून चार तासांवर होतं. मला हा नियतीचा संकेत वाटला. बाबांना वाटला नाही.

"छान," बाबा म्हणाले. "पण रेवा, हे शिकून करतात काय?"

"लोकांना गाव बघायला शिकवतात, बाबा. मी सहली काढणार."

"गावाच्या?"

"गावाच्या."

आता अर्विंगमध्ये आपली माणसं दोन प्रकारची. सॉफ्टवेअर करणारी, आणि सॉफ्टवेअर करून शनिवार-रविवारी घरं विकणारी. प्रत्येक पार्टीत कुणीतरी मला विचारायचं, "तू पण लायसन्स काढ ना रिअल इस्टेटचं." आणि प्रत्येक पार्टीत मी हातातली कचोरी खाली ठेवून सांगायचे, की गाव म्हणजे प्लॉट नव्हे, गाव म्हणजे माणसांनी पाण्याशी केलेला करार आहे. मग आसपासची माणसं हळूहळू गुलाबजामच्या दिशेनं सरकायची.

शेवटी बाबांशी सौदा ठरला. एक सहल काढायची. लोकांना आवडली, तर मी वर्षभर हेच करायचं आणि बाबांनी एक शब्द बोलायचा नाही. नाही आवडली, तर सोमवारी डेटा ॲनालिटिक्सच्या कोर्सला नाव घालायचं. लोक जमवायचं काम बाबांनी घेतलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्यांनी जमवले ते मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील. त्यांत सांगलीचे अण्णाकाका, सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, भिंत दिसली की बोटानं ठोकून बघणारे. आणि नाशिकच्या शकूकाकू. नातवंडं शाळेत आणि मुलगा-सून ऑफिसात गेल्यावर त्या दिवसभर खिडकीतून शेजाऱ्यांचं लॉन बघायच्या. व्हॅन चालवायला खुद्द बाबा.

न्यू विंटराख जवळ आलं तशी मी पुढे जाऊन उभी राहिले. "काका-काकू, आपण गावात रस्त्यानं शिरायचं नाही. रस्ता नंतर आला, आधी पाणी आलं. गाव नेहमी पाण्याकडून बघायचं."

"आणि व्हॅन?" बाबांनी विचारलं.

"व्हॅन तुम्ही रस्त्यानं आणा."

बाबांनी आम्हाला ओढ्यापाशी उतरवलं आणि ते निघून गेले. हे लक्षात ठेवा. माझ्या सगळ्या शास्त्राची माती इथे झाली.

ओढ्याकाठच्या पायवाटेनं मी सगळ्यांना वर नेलं. त्या दिवशी मी काय बोलत होते म्हणून सांगू! मुळातल्या विंटराखमध्ये ओढ्याचं पाणी सर्वांत जास्त कुठवर चढलं होतं, त्याची खूण चर्चच्या पायरीवर कोरलेली आहे. इथे आलेल्यांनी तीच अक्कल वापरली. पाणी जिथवर चढेल त्याच्यावरच पहिलं घर. अण्णाकाका मान डोलवत होते. शकूकाकू धापा टाकत होत्या, पण आनंदानं.

आणि मग ते घर दिसलं. दगडी भिंती, लाकडी माडी, उतरतं पत्र्याचं छप्पर. गावातलं सगळ्यांत जुनं घर संग्रहालय म्हणून लोकांना बघायला उघडं ठेवतात, असं मी वाचलं होतं. मागचं फाटक सताड उघडं. फाटकाला फुगे. ओसरीत टेबल, टेबलावर बिस्किटांचं ताट, आणि बुटांवर चढवायच्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. जर्मनीत वर्षातून एकदा जुन्या घरांचे मालक दारं उघडतात आणि येईल त्याला घर दाखवतात. तिथे मी असली कितीतरी घरं पाहिली होती. संशयाला जागाच नव्हती.

दारात एक आजीबाई आल्या. पांढरा अंबाडा, फुलाफुलांचा एप्रन. हिल्डा त्यांचं नाव.

"तुम्ही डॅलसहून आलात का? ऑफिसनं सांगितलं होतं, डॅलसहून माणसं येतील."

"हो, तिथूनच," मी म्हणाले. संग्रहालयाचं ऑफिस किती तत्पर, असं मनात आलं. मग मी जर्मनमध्ये नमस्कार केला. आजीबाईंनीही मोडक्यातोडक्या, जुन्या वळणाच्या जर्मनमध्ये उत्तर दिलं. माझ्या अंगावर काटा आला.

मी मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "अमेरिकेत अशा ठिकाणी नट ठेवतात. जुन्या काळचे कपडे घालून, जणू इथेच राहतात असं वागतात. या बाई फारच कसलेल्या दिसतात." आणि आजीबाईंना इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही अगदी इथेच राहत असल्यासारख्या वाटता."

त्या गोंधळल्या. "मी लग्न होऊन इथेच आले."

"बघा," मी हळूच म्हणाले, "भूमिका सोडतच नाहीत."

आत मी जे बोलत सुटले ते विचारू नका. चूल इथे का, खिडकी तिथे का, माडीवर धान्य का. मधल्या खोलीत खुर्चीवर एक आजोबा बसले होते. मान कलती, डोळे मिटलेले, मांडीवर मांजर. "हा मेणाचा पुतळा," मी सांगितलं. "कातडीवरचे डागसुद्धा कसे केलेत बघा." आणि नीट दिसावं म्हणून मी त्यांच्या मनगटाजवळ बोट नेलं.

पुतळ्यानं एक डोळा उघडला. म्हणाला, "हॅलो."

"हेसुद्धा नट," मी सावरून घेतलं. मांजराबद्दल मी काही बोलले नाही.

एव्हाना आमची मंडळी घरभर पसरली होती. अण्णाकाका भिंती ठोकत होते. "ओल येते का? पाण्याचा दाब कसा आहे? पुराचं काय?"

हिल्डाबाईंचा चेहरा पडला. "पुराचं सगळेच विचारतात," त्या पुटपुटल्या. "आणि निघून जातात."

आता हा प्रश्न म्हणजे माझाच की! मी जर्मनीतल्या चर्चच्या पायरीपासून सुरुवात केली. जुनं गाव, नवं गाव, दोन्हींचा उतार, कुटुंबं कुठून आली आणि काय शिकून आली. शेवटी मी हात उंचावून म्हणाले, "ओढा शेतात जाईल, रस्त्यावर जाईल, पण या घराच्या उंबऱ्याला लागणार नाही. या लोकांनी पाणी ओळखून घर बांधलंय."

हिल्डाबाईंनी एप्रनला डोळे पुसले. काय अभिनय, मला वाटलं.

"आमच्या मुलाकडे जायचंय आम्हाला," त्या म्हणाल्या. "पण हे घर समजणारं माणूस मिळेना. तुम्ही सगळे एकत्र राहणार का?"

"आम्ही एकत्रच आहोत," मी म्हणाले.

"आणि आवडलं कुणाला?"

"सगळ्यांना."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. तेवढ्यात पुढच्या दारानं, म्हणजे रस्त्याकडच्या दारानं, बाबा आत आले. त्यांच्याबरोबर कोट घातलेली, हातात किल्ल्यांचा जुडगा असलेली एक बाई. बाबांचा चेहरा असा, की मी बोलायची थांबले.

"रेवा," बाबा मराठीत, अगदी हळू म्हणाले, "हे घर विकायला आहे."

"कुठलं घर?"

"शकूकाकू ज्याच्या फ्रिजमध्ये डोकं घालून उभ्या आहेत ते."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. रस्त्याच्या बाजूला माझ्या उंचीची पाटी होती. विक्रीस. खाली कोटवाल्या बाईंचा, म्हणजे घरं विकून देणाऱ्या एजंटबाईंचा, हसरा फोटो. ऑफिस त्यांचं, फुगे-बिस्किटं गिऱ्हाइकांसाठी. रस्त्यानं आलेल्या आंधळ्यालासुद्धा दिसली असती. मी आले होते पाण्याकडून.

मी हिल्डाबाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझे हात सोडले. मग म्हणाल्या, "म्हणजे ते पुराचं खोटं होतं?"

"नाही हो. ते शब्द न् शब्द खरं आहे."

कोटवाल्या बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तीन वाजता एक जोडपं येणार आहे," त्या म्हणाल्या. "त्यांना तेवढं पुराचं पुन्हा सांगाल?"

सांगितलं. काय करणार, हात धरून रडवलं होतं मी म्हातारीला. खुर्चीतल्या आजोबांनीही पूर्ण ऐकलं, या वेळी दोन्ही डोळे उघडे ठेवून.

संध्याकाळी व्हॅन परत निघाली. मला सोमवारचा कोर्स दिसायला लागला होता. शेवटी धीर करून मी उभी राहिले. "माझी चूक झाली. मी ज्याला संग्रहालय समजले ते खरं तर..."

"संग्रहालय?" अण्णाकाकांनी चष्मा काढला. "संग्रहालय कुठलं? अगं, आम्ही घर बघायलाच आलो होतो ना? तुझ्या बाबांनी सांगितलं, मुलगी जर्मनीहून शिकून आलीय, जुनी घरं दाखवते."

मी बाबांकडे बघितलं. बाबा रस्त्याकडे बघत होते, आणि इतक्या एकाग्रतेनं मी त्यांना गाडी चालवताना कधी पाहिलं नव्हतं.

"त्यांना सोप्या भाषेत सांगितलं," ते म्हणाले.

"तू मध्येच नट, पुतळा असं काहीतरी म्हणत होतीस," शकूकाकू म्हणाल्या, "मला वाटलं पोरगी थट्टा करतेय. संग्रहालयाच्या फ्रिजमध्ये उरलेली भाजी असते होय?"

म्हणजे त्या घरात आठ-दहा माणसं आणि एक मांजर होतं, आणि ते संग्रहालय आहे असं एकट्या मला वाटत होतं. मला, जिला गावं वाचता येतात.

"पण काय गं सांगितलंस ते ओढ्याचं," अण्णाकाका म्हणाले. "इतकं घराबद्दल कुणी सांगत नाही. माझ्या मुलानं घर घेतलं तेव्हा त्याला फक्त गॅरेज दाखवलं. आवडलं बुवा आपल्याला."

"आवडलं," व्हॅनमधून एकसुरात आवाज आला.

बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "ठरलं ते ठरलं," ते म्हणाले.

जिंकले मी. अजूनही सांगते, गाव पाण्याकडूनच बघायचं असतं. माझ्या सहली जोरात चालल्यात, पुढच्या शनिवारची व्हॅन भरली आणि वर माणसं रांगेत आहेत. दर शुक्रवारी मी सगळ्यांना आवर्जून कळवते की ही इतिहास-भूगोलाची सहल आहे, इथे काहीही विकायचं नाही. आणि दर शुक्रवारी सगळ्यांचं एकच उत्तर येतं.

"हो हो. किती बेडरूमचं आहे?"