टायरची आतली कड
जळक्या रबराचा वास आला की एरंडोलच्या पुढचा तो रस्ता आठवतो. धुळ्याला कापसाच्या जिनिंगमधल्या बायकांची मजुरीवाढीसाठी सभा होती आणि आमच्या संघटनेची जुनी जीप पत्रकं घेऊन निघाली होती. जीप चालवणारे नाना दर दसऱ्याला टायर पॉलिशने चमकवून झेंडू वाहायचे, पण चाकं पुढची मागे करायला किंवा अलाइनमेंट तपासायला कधी न्यायचे नाहीत. "टायर नवंच शे, देख," म्हणत त्यांनी निघताना बाहेरची बाजू थोपटली होती. आतली कड तारांपर्यंत झिजली होती, हे टायर फुटल्यावर दिसलं. स्टेपनीतही हवा नव्हती. ती ट्रकवर घालून, हवा भरून आणेपर्यंत दुपार सरली. धुळ्याच्या मैदानात सतरंजी गुंडाळणारी एकच बाई उरली होती. "मालकना माणूस उना, जुनीच मजुरीवर अंगठा लिसन गया," ती म्हणाली, "आम्ही पायी उनूत भाऊ, तुम्हनी तं गाडी शे ना?" पत्रकांचा गठ्ठा मी तसाच परत जीपमध्ये चढवला. आता कुठेही निघण्याआधी मी ओणवा होऊन प्रत्येक टायरच्या आतून हात फिरवतो. नाना स्टिअरिंगवरूनच विचारतात, "झायी का तुन्ही पूजा?"