गुणी बाळाची धास्ती

घरोघर फिरून बाळं तपासणाऱ्या आशा सेविकांच्या, म्हणजे आमच्या आशाताईंच्या, खांद्यावरच्या पिशवीत वजनकाटा असतो, थर्मामीटर असतो आणि तळाशी किस्से असतात. ते कुणी मुद्दाम गोळा करत नाही. दुपारी डबे उघडले की आपोआप बाहेर पडतात!

परदेशात सार्वजनिक आरोग्य शिकून परत आले, तेव्हा वाटलेलं की लहान बाळं का दगावतात हे मला पाठ आहे. घाण पाणी, औषधांचा तुटवडा, लोकांचं अज्ञान. लॅपटॉपमध्ये स्लाइड्स तयार होत्या. मोहन्याच्या वस्तीत कामाला आल्यावर कळलं की इथे ज्याची सगळ्यांत जास्त भीती बाळगायची, ती गोष्ट माझ्या एकाही स्लाइडवर नाही. ती म्हणजे कौतुक!

*

पहिल्याच दिवशी सुनंदाताईंबरोबर गेलेले. त्या या वस्तीतल्या सगळ्यांत जुन्या आशाताई. चाळीतल्या एका खोलीत आठ दिवसांचं बाळ होतं. आजी कौतुकाने म्हणाली, "फार गुणी आहे हो! सकाळपासून हूं नाही की चूं नाही. दूधसुद्धा मागत नाही."

"वा!" मी म्हणाले.

सुनंदाताई चपलेसकट आत शिरल्या. दुपटं सोडलं, बाळाच्या तळपायाला टिचकी मारली. "ए राजा! ए द्वाडा!" काही नाही. दुसरी टिचकी. बाळाने तोंड वाकडं केलं, पण आवाज फुटला नाही.

"सूनबाई, बाळाला उघड्या छातीशी धर, वरून पदर घे. मॅडम, रिक्षा!"

रिक्षात मी त्या इवल्या नखांकडे बघत बसलेले. निळसर दिसत होती. आणि मी 'वा' म्हणालेले!

बाळ बरं होऊन घरी आलं, तेव्हा आजीने आम्हाला दारातच धरलं. "ओ ताई, आमचं गुणी बाळ कुठे बदललंत? हे मेलं झोपूच देत नाही!"

*

बाळाचं वजन करायला घरचे घाबरतात. काट्याला लटकवलं की दृष्ट लागते म्हणे. सुनंदाताईंचा त्यावर उपाय आहे. झोळीत बाळ घालतानाच सुरू होतात, "काय हे काळं, रडकं, द्वाड कार्टं! कुणाच्या पोटी आलं कोण जाणे!" आया-आज्या खूश. एवढ्या शिव्या खाल्लेल्या बाळाला कुणाची दृष्ट लागणार?

मी एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आपण जरा पॉझिटिव्ह भाषा वापरू या का?"

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुमच्या पॉझिटिव्हचीच इथे दृष्ट लागते!"

*

एक तरुण बाप धापा टाकत आला. "ताई, बाळाला डबा झालाय!"

"कुणाचा डबा?" मी विचारलं. खरंच विचारलं! मला वाटलं, कुणी डबा विसरलंय.

सुनंदाताई तोपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या. बाळाची छाती भात्यासारखी उडत होती, बरगड्यांखाली खड्डे पडत होते. याला इथे डबा म्हणतात. शेजारची म्हातारी पारूमावशी पोटावर चटका द्यायला स्टोव्हवर बांगडी तापवत होती. मी ओरडणार, तेवढ्यात सुनंदाताईंनी माझा हात दाबला.

"मावशी, तुमच्या हाताला गुण आहे, सगळी वस्ती सांगते. पण हा डबा तुमच्या-माझ्या हातचा नाही. बांगडी राहू द्या. डॉक्टरकडे चला, आणि बाळ तुमच्याच मांडीवर घ्या."

मावशी आली. बाळ वाचलं. आता वस्तीत कुणाचंही बाळ धापायला लागलं की पहिला फोन पारूमावशीचा येतो. "सुनंदे, मी मांडी घेऊन तयार आहे!"

*

नाक्यावरच्या रिक्षावाल्यांशी सुनंदाताईंचा करार आहे. त्यांनी छत्री उंच धरली की आजारी बाळ आहे असं समजायचं. मग रांग मोडून रिक्षा हजर. परवा ऊन लागलं म्हणून त्यांनी छत्री उघडली, तर तीन रिक्षा एकमेकींवर आपटता आपटता राहिल्या!

"कुठाय बाळ?"

"बाळ कुठलं? ऊन लागलंय. भावांनो, मी बावन्न वर्षांची आहे!"

सगळे हसले.

*

आता हा किस्सा माझ्या घरचा.

आम्ही मानपाड्याला राहतो. वहिनीचं माहेर कोकणात, लांब. म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं. मुलगा. आत्या म्हणून नाव ठेवायचा मान माझा, आणि बाळ इतकं शांत की मी लगेच ठरवलं: शांतनू. दादाने बारशाचा बॅनरसुद्धा छापून आणला.

बाळ नऊ दिवसांचं झालं, त्या दुपारी मोहन्यात डबे उघडले होते. मी कौतुकाने म्हणाले, "आमचा भाचा तर इतका गुणी..."

शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मलाच ऐकू आला.

सुनंदाताईंनी हातातली चपाती डब्यात ठेवली. "दूध कधी प्यालाय?"

मी घरी फोन लावला. स्पीकरवर.

"अगं, झोपलाय," आई म्हणाली. "सकाळपासून उठवलंच नाही. वहिनीचाही जरा डोळा लागलाय."

"आई, तळपायाला टिचकी मार."

"कशाला गं? झोपलेल्या बाळाला कुणी..."

"मार!"

फोनमध्ये फक्त पंख्याची घरघर. मग आईचा आवाज, एकदम लहान झालेला. "अगं, पाय गार आहेत."

"बाळाला सुनेच्या उघड्या छातीशी द्या आणि निघा!" सुनंदाताई फोनवर ओरडल्या. दादाने आई, वहिनी आणि बाळाला गाडीत घालून हॉस्पिटल गाठलं. मी डबा तसाच टाकून रस्त्यावर धावले. मागे वळून बघितलं, तर सुनंदाताईंनी छत्री उंच धरली होती.

डॉक्टर म्हणाले, "इन्फेक्शन आहे. सकाळपर्यंत वाट बघू."

सकाळी आम्ही चौघं काचेच्या दारासमोर उभे होतो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आत एक बाळ रडायला लागलं. आधी किरकिर, मग असं भोकाड की दार थरथरलं.

सिस्टर बाहेर आली. "हे कुणाचं? अख्खा वॉर्ड उठवलाय! फार द्वाड आहे हो!"

आईने तिथेच हात जोडले. "आमचं! आमचंच आहे ते द्वाड!"

मी दादाला बाजूला घेतलं. "शांतनू नाही. निनाद."

"अगं, पण बॅनर..."

"फाडून टाक."