मी छपरावरून गेलो ते गाव

सत्त्याऐंशी साली मी बावन्न वर्षांचा होतो आणि तोवर समुद्र पाहिला नव्हता. पाहायची इच्छाही नव्हती. पोरगा तिकडे कोकणात शाळामास्तर होता. त्याला आमच्या धुळे जिल्ह्यात बदली मिळत होती आणि त्याने नको म्हटलं होतं. मी पारावर सगळ्यांसमोर सांगून निघालो, पोराला घेऊनच येतो.

चाळीसगावला रेल्वे धरली, मग एसटी, मग दुसरी एसटी. गाव फार जुनं. वर पडका किल्ला, खाली बंदर, मधल्या डोंगरउतारावर घरं एकाखाली एक. शिमग्यात देवाची पालखी घरोघर येते, म्हणून सगळ्या भिंती नुकत्याच चुन्याने पांढऱ्या केलेल्या. उन्हात बघवत नव्हतं. समुद्र मात्र जागेवरच होता, मी मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून बसलो.

"मी तुले लेवाले येल शे," मी पोराला म्हटलं. "चाल घर."

पोरगा आता माझ्याशी पुस्तकी बोलत होता. म्हणाला, "मी येणार नाही, आबा."

"काब्रं?" मी कारण विचारलं.

"तिथं मी तुमचा पोरगा असतो. सोसायटीत गेलो तरी, पारावर गेलो तरी. इथं मी गुरुजी आहे."

मी उठलो आणि गल्लीत आलो. खाली त्याच्या घरमालकाचं अंगण दिसत होतं. पोरगा खोली सोडतोय हे त्यालाच सांगून टाकावं म्हणून निघालो. पायऱ्या लांबून वळसा घालून जात होत्या, आणि घरमालकाचं छप्पर गल्लीला अगदी लागून होतं. आमच्या मुलखात घरं धाब्याची, वर मातीचं सपाट छत. या घरावरून त्या घरावर माणूस सहज जातो. तिथेच निजतो, तिथेच कुरडया वाळवतो.

"आबा, तिकडून नका," पोरगा मागून म्हणाला. "पायऱ्यांनी या."

"माले रस्ता शिकाडू नको."

कौल मी कचेरीवर पाहिलेलं होतं. ते पायाखाली टिकत नाही हे कोणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या पावलाला उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला. पाय स्वयंपाकघरात आणि मी बाहेर. खाली बाई मासे तळत होती. ती ओरडली नाही. तिने आपल्या नवऱ्याला सांगितलं, "अहो, वरनं कुणाचा तरी पाय आलाय."

घरमालक माझ्याच वयाचा होता. शिडी लावून वर आला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"तुमच्याकडे छपरावरनं चालतात काय?"

"चालतात."

"आणि पाऊस?"

"पडला तर पडतो."

"बरं," तो म्हणाला. "आता पाय काढा. मासे करपतील."

खाली नेऊन त्याने पायाला हळद लावली, चहा दिला. मी म्हटलं, कौलांची भरपाई घ्या. तो म्हणाला, "गुरुजींच्या बापसाकडनं भरपाई? गाव माझ्या तोंडात शेण घालील. वायच बसा."

तो भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणात मी हरत नाही. भांडून पोराची पेटी उचलली असती आणि निघालो असतो. पण माणूस भांडेचना. संध्याकाळपर्यंत अर्धं गाव दारात येऊन गेलं. आमच्याकडे मला पाच गावं ओळखतात. इथं जो तो म्हणे, हे गुरुजींचे बापूस, छपरावरनं आले ते. मग पोराची चौकशी करून जाई: गुरुजी घाबरले तर नाहीत ना? माझ्या पायाचं कोणी विचारलं नाही.

रात्री पोराने भाकरी केली. आमच्या घरात पुरुषाने चुलीपुढे बसायची रीत नाही. मी जेवलो. भाकरी जरा जाड होती, तेवढं सांगितलं. बदलीचं काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकाला ठेवणीतली जुनी कौलं बाहेर काढायला लावली आणि मीच शिडीवर चढलो. तो खालून सांगत होता, मी बसवत होतो. दोन चुकीची बसवली, तीही मीच काढली. पोरगा शाळेला निघाला तो शिडीपाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "आबा, उतरा. मी करतो."

मी म्हटलं, "तू शाळेत जाय. पोरं वाट देखी राहिनात."

तो गेला. मी पुढचं कौल मागितलं.